खिशातला कॅसेट कन्व्हर्टर: पश्चात्तापाचे जुने संदेश उतरवायला घ्यावा का?

वॉकमनएवढं प्लॅस्टिकचं यंत्र, एका कडेला यूएसबीचं छिद्र, आत दोन पेन्सिल सेलची जागा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत आश्वासन: कॅसेट घाला, बटण दाबा, एमपीथ्री तयार. चर्चच्या मंडळीच्या कपाटात उपदेशाच्या जुन्या कॅसेटींचं खोकं सापडलं की कोणी ना कोणी उत्साहाने हेच यंत्र घेऊन येतं. निकाल आधीच सांगून टाकतो. कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे हे चाळून बघायला यंत्र ठीक आहे. जतन करायला नाही. आणि कॅसेटींवर ‘पश्चात्ताप’ असं लिहिलेलं असेल तर मुळीच नाही. यात भावनेचा भाग कमी आहे. पश्चात्तापाचा संदेश ज्या रीतीने दिला जातो, त्या रीतीशीच या यंत्राचं वाकडं आहे.

ही यंत्रं दोन जातींची मिळतात. एक संगणकाला जोडायची. आवाजाचे आकडे करणारी चिप यंत्रात असते, रेकॉर्डिंग संगणकावर होतं. दुसरी जात पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर परस्पर एमपीथ्री लिहिते, संगणक लागतच नाही. ब्रँड डझनभर दिसतील, पण झाकण उघडलं की आतला ऐवज जवळजवळ तोच: छोटी मोटर, एक बेल्ट, वेग सारखा ठेवणारं हलकं चाक (फ्लायव्हील), फीत ओढणारी दांडी (कॅपस्टन), तिच्यावर फीत दाबून धरणारं रबरी चाक (पिंच रोलर) आणि फितीवरचा आवाज वाचणारं एक हेड. म्हणून इथे कुठल्या एका कंपनीबद्दल बोलत नाही, जातीबद्दल बोलतो आहे.

दुसऱ्या जातीचा दोष आधी, कारण त्याची भरपाई नंतर होत नाही. हे यंत्र गाण्यांच्या कॅसेटसाठी बनवलेलं आहे. काही सेकंद आवाज पडला की त्याला वाटतं गाणं संपलं. ते फाइल बंद करतं आणि आवाज आला की नवी उघडतं. आता पश्चात्तापावरच्या उपदेशाचा शेवट डोळ्यांपुढे आणा. उपदेशक वचन वाचतो, पापाचं नाव घेतो आणि म्हणतो, ‘आता क्षणभर शांत राहू, ज्याने त्याने आपापल्या मनात देवापुढे कबूल करावं.’ पुढची तीस-चाळीस सेकंदं फितीवर म्हटलं तर काही नाही. बाक कुरकुरतो, कोणी खोकतं, लांबून एक हुंदका येतो. यंत्राच्या लेखी ही रिकामी जागा. ते ती कापून टाकतं. शिवाय आवाज पुन्हा चालू झाल्याचं कळायला त्याला थोडा वेळ लागतो, त्यामुळे शांततेनंतरच्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षरही जातं. हळू आवाजात सुरू झालेली प्रार्थना तर मधूनच उगवते. हाती येतात दहा-बारा तुकडे, आणि ज्या चाळीस सेकंदांसाठी आधीची चाळीस मिनिटं होती तीच नेमकी गायब.

काही यंत्रांत हे आपोआप तुकडे पाडणं बंद करता येतं. बहुधा एखादं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत ही सोय शोधा. नसेल तर ते यंत्र तिथेच ठेवा. संगणकाला जोडायच्या जातीत हा त्रास नाही, पण तिथे माणूस तोच उद्योग करतो. ऑडॅसिटी या संगणकावर आवाज संपादन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रंकेट सायलेन्स’ नावाचा इफेक्ट आहे, त्याने शांतता आखूड होते आणि फाइल लहान होते. उपदेशाला तो लावू नये.

एका दाबात सगळं उरकायची हौस आजची नाही. यूरोपात छपाई सुरू झाली तेव्हाच्या तारीख असलेल्या सगळ्यांत जुन्या छापील कागदांत १४५४-५५ ची पापदंडमाफीची पत्रं (पापाची शिक्षा माफ झाल्याचं चर्चचं लेखी पत्र) आहेत: मजकूर छापून तयार, नाव आणि तारीख भरायला जागा कोरी. पुढे १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा होता की ‘पश्चात्ताप करा’ या ख्रिस्ताच्या शब्दांचा अर्थ विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असा आहे. हे दोन्ही उपदेशकांना पाठ असतं. यंत्र विकत घेताना मात्र आठवत नाही.

आता वेग. कॅसेट १९६३ मध्ये फिलिप्सने आणली तेव्हापासून फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरलेला आहे. अर्ध्या तासाच्या एका बाजूत सुमारे ८६ मीटर फीत जाते. खिशातल्या यंत्राचं फ्लायव्हील इतकं हलकं असतं की हा वेग धरून ठेवणं त्याला जमत नाही. लांबवलेला स्वर थरथरतो आणि सरासरी वेगही पुष्कळदा जास्त निघतो. मोजायला ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट मिळते. ती लावून ३२४४ च्या आसपास आकडा आला तर यंत्र तीन टक्के पुढे पळतंय. तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अर्धं अंतर). बोलण्यात ते पटकन लक्षात येत नाही, पण गीत सुरू झालं की पेटी चढी वाटते आणि ओळखीचा पाळक दहा वर्षांनी तरुण भासतो. मोटरच्या पाठीमागे बहुतेक वेळा एक बारीक भोक असतं. आत वेगाचा स्क्रू असतो. प्लॅस्टिकच्या दांडीचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून केसभर फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. काही यंत्रांत तो सर्किट बोर्डावर सापडतो.

चाचणी कॅसेट नसेल तर मूळ रेकॉर्डिंगमधली विजेची भुणभुण उपयोगी पडते. रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या जोडणीतून झालं असेल तर फितीत ५० हर्ट्झची (किंवा त्या देशात वीज तशी असेल तर ६० ची) भुणभुण पुरलेली असते. ऑडॅसिटीत शांत तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (किती हर्ट्झचा आवाज किती आहे ते दाखवणारा आलेख) काढा. टोक ५१.५ वर दिसलं तर वेग तीन टक्के जास्त. यंत्र त्या वेळी सेलवर चालवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर आत्ताचीच भुणभुण मोजून बसाल. नंतर वेग आणि स्वर दोन्ही एकदम बदलणारा इफेक्ट लावायचा. फक्त स्वर बदलणारा लावला तर बोलण्याची लय चुकते.

एक दोष यंत्राचा नसतो, तरी माथी यंत्राच्या मारला जातो. संदेश सेलवरच्या रेकॉर्डरवर घेतला असेल आणि सेल उतरत गेले असतील, तर रेकॉर्डिंगच्या वेळी फीत हळूहळू मंदावत जाते. आज योग्य वेगाने वाजवली की उपदेश सुरुवातीला ठीक, मग अधिकाधिक घाईचा, आणि शेवटचं आवाहन चिरक्या आवाजात. याला एकच टक्केवारी लावून भागत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग वेगवेगळा मोजायचा आणि ‘स्लाइडिंग स्ट्रेच’ने क्रमाक्रमाने बदलायचा.

हेडचा कोन हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण आवाजातला निम्मा फरक इथे आहे. हेडमधली बारीक फट फितीच्या प्रवासाला बरोबर काटकोनात हवी. जरा तिरकी झाली की स, श, च, त ही अक्षरं आधी मरतात; उपदेशक घोंगडीआडून बोलल्यासारखा वाटतो आणि ऐकणारा म्हणतो, फीत खराब झाली. बहुधा फीत ठणठणीत असते. ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्याचा कोन चुकीचा होता, आणि आता तोच चुकीचा कोन आपल्याला जुळवून घ्यावा लागतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवायची, हेडफोन लावायचा, डावा-उजवा आवाज एकत्र करायचा आणि स्क्रू पाव फेऱ्याच्याही आत इकडेतिकडे फिरवत ‘स’ सर्वांत धारदार कुठे ऐकू येतो ते शोधायचं. पुढच्या कॅसेटला पुन्हा शोधायचं. खिशातल्या यंत्रात हा स्क्रू असतो, पण झाकण लावल्यावर त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. कारागीर लोक झाकणाला गरम सळईने भोक पाडतात. चालतं, दिसायला वाईट दिसतं.

मोनो रेकॉर्डरवरच्या संदेशाचा पट्टा फितीवर दीड मिलिमीटर रुंद असतो. स्टिरिओत तिथेच ०.६ मिलिमीटरचे दोन पट्टे आणि मध्ये ०.३ ची मोकळी जागा. म्हणून मोनो संदेश स्टिरिओ हेडवर वाजवला की दोन्ही बाजूंना तोच आवाज येतो. एक बाजू जास्त स्वच्छ असेल तर तेवढीच ठेवा. कोन जुळला नसताना दोन्ही मिसळल्या तर उरलेली तीक्ष्णताही जाते.

संगणकाला जोडायच्या यंत्रात आणखी एक कटकट आहे: बारीक, अखंड शिट्टी, १००० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत. यूएसबीची जोडणी सेकंदाला हजार ठोके देते आणि स्वस्त यंत्रात ती वीज आणि आवाजाची वाट नीट वेगळी केलेली नसते. गाण्यात ती लपते. शांततेत लपत नाही. पुन्हा तोच कबुलीचा क्षण आणि त्यावर शिट्टी. उपाय सोपा आहे: यूएसबीची वायर काढून टाका, सेल घाला, हेडफोनच्या छिद्रातून आवाज काढून वेगळ्या ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या पेटीला) द्या. पण मग चिपसाठी मोजलेले पैसे वाया गेले हे मान्य करावं लागतं.

यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यात डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) नाही अशी तक्रार सगळीकडे वाचायला मिळते. मंडळीतल्या रेकॉर्डरवर भरलेल्या संदेशात डॉल्बी क्वचितच असतं, तेव्हा ते नसण्याने फारसं बिघडत नाही. क्रोमच्या (वेगळ्या चुंबकीय लेपाच्या) कॅसेटसाठी वेगळी कळ नाही हेही तसंच. संदेश बहुतेक साध्या टाइप वन फितीवर असतात. क्रोमची ओळख कॅसेटच्या पाठीवर: रेकॉर्डिंग रोखणाऱ्या चौकोनी भोकांना लागून आणखी एकेक खाच असते. आणि सर्वांत मोठा गुण असा की या यंत्रात पुसणारं हेडच नाही. कितीही चुकीचं बटण दाबा, कॅसेट पुसली जाणार नाही. अनोळखी कॅसेट पहिल्यांदा वाजवायला म्हणूनच हे सुरक्षित.

डेकवर, म्हणजे रेकॉर्डही करू शकणाऱ्या घरगुती कॅसेट यंत्रावर, वाजवणार असाल तर चुकून पुसली जाऊ नये म्हणून पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात आधी मोडायचा. हव्या त्या बाजूचं लेबल आपल्याकडे आणि फितीची उघडी कड खाली धरली, की वर डावीकडचा दात त्या बाजूचा. नंतर कधी रेकॉर्ड करायचं झालं तर भोकावर चिकटपट्टी लावली की झालं.

या ‘पुसण्या’पाशी थोडं थांबतो, कारण खोक्यातल्या निम्म्या उपदेशांत कॅसेट स्वतःच दाखला म्हणून येते: ‘जशी आपण कॅसेट पुसतो तशी देव आपली पापं पुसतो.’ प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये पुसून टाकण्याचा जो ग्रीक शब्द आहे तो शाई किंवा लेप पुसण्यासाठी वापरला जात असे, त्यामुळे दाखला वाटतो त्यापेक्षा बरा आहे. पण कॅसेट कशी पुसली जाते ते माहीत असेल तर आणखी बरा. चांगल्या डेकमध्ये पुसणाऱ्या हेडला ५० ते १०० किलोहर्ट्झची उलटसुलट वीज दिलेली असते. फितीवरचे चुंबकीय कण जोराने इकडे-तिकडे हलतात, हेडपासून दूर जाताना हलणं कमी होत जातं, आणि शेवटी कुठल्याच दिशेचा कल उरत नाही. स्वस्त रेकॉर्डरमध्ये त्या जागी नुसता कायमचा चुंबक बसवलेला असतो. तो सगळ्या कणांना एकाच बाजूला ओढून बसवतो. जुना आवाज जातो, पण फीत शांत होत नाही, खरखर वाढते. दडपणं आणि पुसणं यांतला फरक इतका स्पष्ट ऐकवणारं दुसरं यंत्र नाही.

दुसरी गोष्ट उपदेशात सहसा येत नाही. फितीच्या वाटेवर पुसणारं हेड आधी आणि भरणारं लगेच नंतर असतं. एका बटणात दोन्ही कामं चालतात. कॅसेट आधी कोरी करून ठेवून मग कधीतरी भरायची, अशी रीतच नाही. मत्तय १२ मधलं झाडून-सजवून रिकामं ठेवलेलं घर आठवा, ज्यात आणखी सात आत्मे येऊन राहतात. किंवा इफिसकरांस पत्रातलं, चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावं. शास्त्र कोऱ्या फितीवर समाधान मानत नाही.

पुसणारं हेड सरकलेलं असलं तर फितीची एक कड पुसायची राहते. एके काळची गाण्यांची कॅसेट उपदेशासाठी वापरली असेल तर ते गाणं अजून तिथे असतं. बोलणं चालू असताना कळत नाही, पण उपदेशक थांबला की तळातून क्षीण ठेका येतो. हे गाळणीने निघत नाही. स्टिरिओ हेडने दोन्ही पट्टे वेगळे उतरवा. अवशेष एका कडेला असेल तर दुसरा पट्टा बहुतेक स्वच्छ मिळतो. निदान इथे तरी स्टिरिओचा उपयोग होतो.

खोकं क्रमाने ऐकलं तर दाखले बदलत जातात आणि त्यातून यंत्रांचा इतिहास आपोआप उलगडतो. आधी टंकलेखन यंत्र आणि पांढरी शाई, मग कॅसेट, मग संगणकाचं ‘डिलीट’, मग ‘अनडू’, शेवटी वाट दाखवणारा फोन. दाखला म्हणून पांढरी शाई कमकुवत: कागद उजेडात धरला की खालचं अक्षर वाचता येतं. ‘डिलीट’ त्याहून वाईट. संगणक फाइल काढतो म्हणजे फक्त यादीतलं नाव काढतो. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ मजकूर बऱ्याचदा तसाच पडून असतो. ‘अनडू’ ऐकायला गोड, शिकवणीला घातक. त्यात चूक झालीच नव्हती असं होतं. कोणाचं काही देणं लागत नाही, कोणाकडे जाऊन बोलावं लागत नाही. लूक १९ मधला जकातदार जक्कय ‘अनडू’ करत नाही, चौपट परत करतो. वाट दाखवणाऱ्या फोनचा दाखला अर्धा बरोबर आहे. ‘मागे वळा’ म्हणतो तोवर ठीक, कारण पश्चात्तापासाठीच्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ वळणं, परत फिरणं हाच आहे. पण थोडं पुढे गेलात की फोन नवी वाट काढून देतो, चुकल्याचं पुन्हा बोलत नाही. लूक १५ च्या दाखल्यातल्या, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाला दूर देशातून पुढची सोयीची वाट मिळत नाही, त्याला घरी यावं लागतं.

आता यंत्राऐवजी काय घ्यावं. वापरलेला, पण दुरुस्त केलेला विजेवर चालणारा साधा कॅसेट डेक आणि दोन इनपुटचा छोटा ऑडिओ इंटरफेस. डेक घेताना दोन कॅसेटींच्या डेकपेक्षा एका कॅसेटचा बरा; कोन जुळवायला स्क्रूपर्यंत हात पोचतो. झाकण उघडून पिंच रोलर बघा. रबर काचेसारखं चकाकत असेल तर कडक झालंय आणि फीत खाणार. बेल्ट बोटाला काळ्या डांबरासारखा चिकटला तर नवा घालावा लागेल, आणि तो घालण्यापूर्वी पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावा लागेल. अर्धवट काढलात तर नवा बेल्ट आठवड्यात घसरतो. हेड आणि कॅपस्टन त्याच अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअर बडने पुसा. रबराला मात्र पाणी आणि साबणाचा थेंब पुरे. दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा. इअर बडवर तपकिरी डाग येणं ठीक आहे, थर येऊ लागला तर ती फीत झडते आहे, ताबडतोब थांबा.

कॅसेटच्या आजारांत सगळ्यांत नेहमीचा म्हणजे फितीमागचा फेल्टचा ठिपका गळून पडणं. आवाज येतो-जातो, तीक्ष्णता नाही. स्क्रूवाली कॅसेट असेल तर पाच स्क्रू काढून आतलं सगळं एका चांगल्या सांगाड्यात हलवा. चिकटवलेली असेल तर सांध्यात पातळ पातं घालून जपून उकला. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. जोडायची खास पट्टी मिळते, ती फितीच्या मागच्या, चकाकत्या बाजूला लावायची. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि डेकमध्ये घालू नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. बरीच वर्षं न हललेली कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. फितीचा ताण सारखा होतो, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून जो पूर्वप्रतिध्वनी येतो तोही थोडा कमी होतो. १२० मिनिटांच्या पातळ फितीत तो हमखास असतो: ‘प्रभू म्हणतो’ याच्या आधी दीड-दोन सेकंद कुजबुजल्यासारखं ‘प्रभू म्हणतो’.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. तासाला सुमारे ५२० मेगाबाइटची वेव्ह फाइल होते. फ्लॅक केली तर साधारण निम्मी, आणि काही गमावत नाही. वाटायला ६४ केबीपीएसचं मोनो एमपीथ्री पुरे, तासाला जेमतेम २९ मेगाबाइट. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा उच्चार उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील. आवाहनाच्या वेळी उपदेशक ओरडतो, तेव्हा पातळी शेवटची दहा मिनिटं ऐकून ठरवा, सुरुवातीची ऐकून नको. जुन्या रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप वर-खाली होत असे. शांतता पडली की मागची खरखर फुगत जाते आणि खोकला बंदुकीसारखा येतो. तिथे ऑडॅसिटीत आवाजाच्या पातळीची रेघ हाताने ओढून खाली घ्या, शून्य करू नका. नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारा इफेक्ट) ६ ते ९ डेसिबलपर्यंत. बाराच्या पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. काहीही केलं तरी मूळ फाइलला हात लावायचा नाही. इफेक्ट नेहमी प्रतीवर.

बाजू पालटताना गेलेली वाक्यं परत येत नाहीत. तासाच्या कॅसेटला तिसाव्या मिनिटाला हा खड्डा असतो, आणि लूक १५ वरच्या उपदेशात तो बरोबर ‘उठून बापाकडे गेला’ यावर पडू शकतो. दोन्ही टोकं अलगद मिसळून सांधा लपवायचा मोह होतो. लपवू नका. दोन सेकंद रिकामी सोडा आणि फाइलच्या माहितीत लिहा: इथे बाजू बदलली. माहितीत तारीख, उपदेशक, वचन आणि कॅसेटच्या लेबलचा फोटो असावा. विषयात नुसतं ‘पश्चात्ताप’ लिहिलं तर पन्नास फाइली एकाच नावाच्या होतात. भर कशावर आहे तेही लिहा: दुःखावर (२ करिंथ ७), कबुलीवर (स्तोत्र ५१), परत फिरण्यावर (योएल २), भरपाईवर (लूक १९), की फळांवर (मत्तय ३). शोधणाऱ्याला याने खरा उपयोग होतो.

शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही, पण यंत्रामुळेच उभा राहतो. या कॅसेटींत उपदेशानंतर साक्षी असतात. कोणी उठून नाव सांगून दारूबद्दल, चोरीबद्दल, घरच्या मारहाणीबद्दल बोललेलं असतं. ते तिथे बसलेल्यांपुढे बोललेलं आहे, अख्ख्या इंटरनेटपुढे नाही. दाविदाची कबुली आजही वाचली जाते हे खरं. पण तो राजा होता, आणि स्तोत्र ५१ च्या मथळ्यातच ते मुख्य गवयासाठी असल्याचं लिहिलं आहे, म्हणजे ते गाण्यासाठीच दिलेलं होतं. यिर्मया ३१ मध्ये देव म्हणतो की तो त्यांचं पाप पुन्हा स्मरणार नाही. ते आपण शोधता येणाऱ्या फाइलीत घालून, नावासकट, दर रविवारी कोणालाही ऐकवायचं का? म्हणून दोन फोल्डर ठेवा. एकात संपूर्ण मूळ, कुलूप लावून. दुसऱ्यात वाटण्याची प्रत, साक्षी काढलेली. त्या माणसाची परवानगी मिळाली तरच साक्ष दुसऱ्या फोल्डरात. फोनवरून लगेच वाटता येईल असं एमपीथ्री देणारं यंत्र इथेही अडचणीचं, कारण त्यात ही दुसरी पायरीच नाही.

तेव्हा खिशातलं यंत्र घरात असेल तर फेकू नका. लेबल नसलेल्या कॅसेटी चाळायला ते ठेवा: प्रत्येकीची सुरुवात, मधला भाग आणि शेवट दोन-दोन मिनिटं ऐकायचा, क्रमांक टाकायचा, काय आहे ते वहीत लिहायचं. नसेल तर नवं घेऊ नका. तेच पैसे डेकच्या बेल्टला आणि पिंच रोलरला लावा. आणि फाइली तयार झाल्या म्हणून कॅसेटी टाकू नका. शेवटापर्यंत गुंडाळून, डबीत घालून, उभ्या ठेवा, स्पीकरपासून दूर.